ताट-वाटी वेगळी कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या वहिनीची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे आणि घरात तिचं ताट, वाटी, पाण्याचा तांब्या सगळं वेगळं काढलंय. वर भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, मागच्या जन्मी काय केलं असेल गं. खूप चीड येते, म्हणून लिहितेय.

रामकृष्ण परमहंसांना घशाचा कॅन्सर होता हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं. १८८५ मध्ये घसा दुखायला लागला, फार बोलतात म्हणून असेल असं आधी वाटलं, मग गिळता येईना, रक्त पडायला लागलं. दक्षिणेश्वरहून उपचारासाठी कलकत्त्यात श्यामपुकुरला आणलं आणि डिसेंबरात काशीपूरच्या बागेतल्या घरात. डॉ. महेंद्रलाल सरकार तपासायला यायचे, बोलू नका म्हणायचे आणि स्वतःच तासन्तास त्यांच्याशी बोलत बसायचे! एका पंडिताने सांगितलं की तुमच्यासारख्याने मन एकाग्र केलं तर रोग जाईल, तर ते म्हणाले, देवाला दिलेलं मन परत या हाडामांसाच्या पिंजऱ्यावर कसं आणू. पण म्हणून औषध नाकारलं नाही, डॉक्टरांना दारातून परत पाठवलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कॅन्सर झाला, मग तो पापाने होतो असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि ताटाबद्दल. काशीपूरला शिष्यांनाही भीती वाटायला लागली होती की हा रोग आपल्याला लागेल. चरित्रांत सांगतात की नरेंद्राने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, गुरूंची उष्टी पेज सगळ्यांसमोर उचलली आणि पिऊन टाकली. कॅन्सर उष्ट्याने, स्पर्शाने पसरत नाही हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल, तरी आपण ताटं वेगळी काढतोय. (केमोत इन्फेक्शनपासून जपायचं असतं ते पेशंटला, आपल्याला नाही.)

१६ ऑगस्ट १८८६ ला रामकृष्ण गेले. तेव्हा करण्यासारखं फार काही नव्हतंच, एक्स-रेचा शोधसुद्धा १८९५ चा. आज परळला टाटा आहे, केमो आहे, रेडिएशन आहे आणि तरी वहिनीला कोणीतरी सांगून गेलं की ते सगळं सोड, अमक्या बाबांचा अंगारा घे. ती दोन दिवस जेवली नाही.

तुमच्या आरोग्य पुरवणीत कॅन्सर संसर्गजन्य नाही हे एकदा मोठ्या अक्षरात छापा, प्लीज. कात्रण काढून आमच्या हॉलमध्ये लावणार आहे.

आपली,
एक वाचक, सातारा