अंड्याने गाडीचा रंग जातो, पण पंचनाम्याची वाट पाहण्यात तो अधिक जातो

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

धुळवड जवळ आली की गाड्यांवर अंडी फेकण्याचा विषय निघतो आणि ‘अंडेच तर आहे, धुतले की निघून जाईल’ असे म्हणून तो तिथेच संपवला जातो. आता तर त्यासाठी धुळवडीचीही गरज उरलेली नाही. मध्यरात्री भर रस्त्यात वाढदिवस साजरे करणारी टोळकी मित्राच्या डोक्यावर अंडी फोडून झाली की उरलेली कडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर फोडून निघून जातात. राजकीय निषेधातही हे साधन नवे नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कर्नाटकातील कोडगू येथे तेव्हाचे विरोधी पक्षनेते सिद्धरामय्या यांच्या मोटारीवर अंडी फेकली गेली, तेव्हा सगळी चर्चा राजकारणाची झाली आणि ते स्वाभाविकच होते. पण ज्याने कर्ज काढून गाडी घेतली आहे, त्याच्यापुढचा प्रश्न गाडीच्या रंगाचा असतो. वाहनांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या व्यवसायात माझे आयुष्य गेले असल्याने त्याचे उत्तर स्पष्टपणे मांडावेसे वाटते. अंड्याने रंग खराब होतो, आणि बहुतेक वेळा तो अंडे आदळण्याने होतो त्यापेक्षा ते अंगावर वाळण्याने अधिक होतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षा थोडे जास्त भरतात. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो. अंड्याचे वजन 50 ते 60 ग्रॅम, त्यामुळे पत्र्याला पोच सहसा येत नाही. मात्र कवच फुटताना त्याची धारदार कड रंगात रुतते, आणि गाडी धावती असेल तर तिचा वेग त्या आघातात मिळवला जातो. नंतर पाहिले तर तिथे नखाएवढा अर्धगोल काप दिसतो, कधी रंगाचा टवकाच उडालेला असतो. टवका पत्र्यापर्यंत गेला असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. दुरुस्त करून पुन्हा रंगवलेल्या भागांवर हे अधिक आढळते, कारण भट्टीत भाजलेल्या मूळ रंगाइतकी पकड त्या रंगाला क्वचितच असते.

अंड्यात आम्ल असते आणि ते रंग खाते, अशी समजूत सर्रास आढळते. ती बरोबर नाही. ताज्या अंड्याचा पांढरा बलक आम्लधर्मी नसतो, किंचित अल्कधर्मीच असतो. अंडे शिळे होत जाते तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि अल्कता आणखी वाढते. खरे काम प्रथिने करतात. पांढऱ्या बलकात जवळपास 90 टक्के पाणी आणि उरलेल्यात मुख्यतः प्रथिनेच असतात, आणि 60 अंश सेल्सिअसच्या आसपास ती गोठू लागतात. मार्चच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचे बोनेट त्या तापमानाच्या पुढे सहज जाते. म्हणजे अंडे अक्षरशः बोनेटवर शिजते, पाणी उडून जाते, थर आकसतो, आणि उष्णतेने मऊ पडलेल्या क्लिअर कोटला चिकटून त्याला आपल्याबरोबर ओढतो. संध्याकाळी पत्रा थंड झाला की ती ओढ तिथेच कायम होते. धुतल्यावरही ट्यूबलाइटखाली तिरके पाहिले असता ओघळाची कड जशीच्या तशी दिसते. त्या कडेवरून नख फिरवले आणि ते अडले, तर पॉलिशने काम भागणार नाही, रबिंग, म्हणजे वरचा थर घासून काढणे, करावे लागेल, असे आमच्याकडे समजतात. प्रत्येक रबिंगला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात, त्यामुळे हा उपाय त्या जागी पुन्हा पुन्हा करता येत नाही.

म्हणून वेळ महत्त्वाची. अंडे ओले असताना नळीचे साधे पाणी वरून सोडले तर बहुतेक सगळे वाहून जाते. वाळले असल्यास गाडी सावलीत घेऊन त्यावर ओले फडके अर्धा तास ठेवावे, थर भिजला की गाडी धुण्याचा शाम्पू लावावा आणि न घासता ओघळू द्यावा. गरम पाणी घेऊ नये. अंड्याचे भांडे आधी गार पाण्याने विसळायचे असते हे स्वयंपाकघरात सगळ्यांनाच माहीत असते, कारणही तेच आहे. घासणी, चाकूची कड, थिनर यांचा तर विचारही करू नये. वाळलेल्या थरात कवचाचे बारीक कण अडकलेले असतात आणि कोरड्या फडक्याने पुसणारा माणूस तेच कण सबंध बोनेटभर फिरवतो. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत असे पुसण्याने पडलेले चरे मूळ डागापेक्षा जास्त जागा व्यापलेले मी वारंवार पाहिले आहेत.

इथेच माझी खरी तक्रार आहे. मालक सकाळी गाडी पाहतो, पोलीस ठाण्यात किंवा विमा प्रतिनिधीला फोन करतो, आणि त्याला सांगितले जाते की पंचनामा किंवा पाहणी होईपर्यंत गाडीला हात लावू नका. पाहणीला दुपार होते, कधी दुसरा दिवस उजाडतो. सकाळी बादलीभर पाण्याने निघाला असता तो डाग तोवर क्लिअर कोटमध्ये उतरलेला असतो. खोडसाळ नुकसान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली गुन्हा आहे, आणि नुकसान 20 हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर शिक्षा वाढते. सर्वंकष विमा पॉलिसीत दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याची भरपाईही असते, केवळ थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या, विम्यात ती नसते. तरीही रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची वजावट, कापला जातो, लहान मोटारीला सक्तीचे 1 हजार रुपये पदरचे घालावे लागतात आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, तीही जाते. त्यामुळे एका दरवाजाच्या रंगासाठी दावा करणे अनेकदा परवडतच नाही, आणि ज्याला परवडत नाही त्याचे नुकसान मुळात कमी राहणे हाच त्याचा एकमेव आधार असतो.

भारतीय साक्ष अधिनियम, 2023 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींना पुराव्याचे स्थान आहे. तेव्हा गाडीचा क्रमांक, डाग आणि आजूबाजूची जागा दिसेल असे मोबाइलवरील फोटो व चित्रण घेऊन मालकाने गाडी लगेच धुवावी, आणि धुतली म्हणून त्याची तक्रार किंवा दावा नाकारला जाणार नाही, असे पोलीस आयुक्तालयांनी आणि विमा कंपन्यांनी धुळवडीपूर्वी लेखी जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या पत्राने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, चिंचवड