अकरा महिन्यांच्या अनुभवाचं काय?

महोदय,

२०२३ मध्ये मी बी.एस्सी. झाले. वर्षभर अर्ज केले. सगळीकडे एकच प्रश्न, 'अनुभव आहे का?' मग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात लागले. पदवीधरांना महिना १० हजार विद्यावेतन. पहिल्या पैशांतून आईला चष्मा केला. आवक-जावक नोंदवही माझ्याकडे होती. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडलाय, हे लोक मलाच विचारायचे. सहा महिन्यांची मुदत अकरा झाली, त्याबद्दल आभार. पण त्या प्रमाणपत्रावर अजून एकही बोलावणं नाही. 'आता लग्नाचं बघा' म्हणणाऱ्या नातेवाइकांना बाबा कसेबसे थोपवून धरतात. निदान कंत्राटी भरतीत तरी शासनाने हा अनुभव धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक पदवीधर, जिंतूर (जि. परभणी)