आई-बाबांना, फी भरून झाल्यावर

नागपूर
रविवार, रात्र

आई, बाबा,
जय भीम.

फोनवर दोनदा ओठांवर आलं आणि दोन्ही वेळा मी धानाच्या रोवणीचं विचारून विषय बदलला. बाबा, तुमचा आवाज थकलेला वाटला. म्हणून लिहितेय. आईनं मोठ्यानं वाचायचं आणि बाबांनी मधेच उठून जायचं नाही.

मी बी.एड.ला प्रवेश घेतला नाही. एलएल.बी.ला घेतलाय, तीन वर्षांचा. सीईटी "सहज दिली" म्हणाले होते, ते खरं नव्हतं. गुरुवारी फी भरली. तुम्ही बी.एड.साठी पाठवलेल्या पैशांना हात लावला नाही, ते पासबुकात तसेच आहेत. माझ्या ट्यूशनचे साठवलेले होते, त्यातून भागलं. एम.ए. झालं की गावाकडे येते असं मीच म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही. चार दिवस झोपही नीट लागली नाही.

आई, तुला वाटेल, कॉलेजातल्या त्या स्त्री-मंचाच्या पोरींनी हिचं डोकं फिरवलं. तसं नाही गं. तू विचारलं होतंस, तिथं तुम्ही करता तरी काय? तेव्हा मी नीट सांगितलं नाही. तुला 8 मार्चचे फोटो तेवढे दिसतात. आमची सुरुवात एका डब्यापासून झाली. होस्टेलच्या बाथरूमबाहेर पॅडचा डबा ठेवला, जिला लागेल तिनं घ्यावं, जमेल तेव्हा परत टाकावं. दोन महिन्यांनी त्या डब्यात चिठ्ठ्या निघू लागल्या. कुणाला घरी लग्नाची घाई, कुणाच्या मागे बसस्टॉपपासून कोणी येतं, एकीनं नुसतं लिहिलं होतं, "बोलायचं आहे." म्हणून आम्ही दर बुधवारी पाच वाजता बसायला लागलो.

त्यातलीच एक. नाव तुम्हालाही सांगणार नाही, कायद्यानंही सांगता येत नाही. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. कागद दिला तर "सर" हा शब्द तिनं तीनदा लिहून तीनदा खोडला. तारीख आठवेना. म्हणाली, त्या दिवशी मेसला कढी होती. आम्ही मेसचा तक्ता काढला, कढीचा वार शोधला, तेव्हा तारीख सापडली. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या चौकशी कमिटीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. सबळ कारण असलं तर कमिटी मुदत वाढवू शकते, पण आम्हाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं आणि हातात अकरा दिवस उरले होते. कायदा 2013 चा आहे, कॉलेजांसाठी यूजीसीचे नियम 2015 चे, चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. हे सगळं मला त्या रात्री वाचून कळलं, म्हणजे दुसऱ्याला धीर देणाऱ्या मला!

कमिटीपुढे जायच्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, तुम्ही आत याल ना?" मला जाता येत नव्हतं. बाहेरच्या बाकावर अडीच तास बसून होते. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, आत काय काय विचारलं. ते विचारायला चालतं की नाही, हेच मला सांगता येईना. बाबा, वकील व्हायचं ते त्या बाकावर ठरलं. पुढे काय झालं ते लिहीत नाही, पण ती परीक्षेला बसली, एवढं सांगते.

आणि आत्याचं. तुम्हाला दोष देत नाही हो, बाबा. तुम्ही तेव्हा बावीस वर्षांचे होतात, आजोबांपुढे कोण बोलणार होतं? पण ती निळी पेटी अजून माळ्यावर आहे, आणि दिवाळीत झाडताना आपण तिघंही तिच्याभोवतीनं झाडतो.

पणजीची गोष्ट तर तुम्हीच मला सायकलच्या दांड्यावर बसवून, वैनगंगेच्या काठानं नेताना सांगायचे. 1942 चा जुलै, ऐन रोवणी, आणि पणजी बांधावर रोपांच्या मुठी ठेवून छोट्या रेल्वेगाडीनं नागपूरला. 20 तारखेची मोहन पार्कमधली दलित महिला परिषद, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, हजारो बाया. नवऱ्याला सोडायचा हक्क बाईला हवा, असा ठराव तिथं झाला. तिला सही येत नव्हती, तरी ठरावाला हात वर केला, हे सांगताना तुमचा आवाज दरवेळी बदलायचा. मी तेव्हा सहा वर्षांची होते. बी.एड. काही वाईट नाही, बाबा, तुमच्यासारखा मास्तर मी पाहिला नाही. पण गोष्ट सांगितलीत ती तुम्हीच.

काळजी करू नका. खोली तीच आहे, दोघी सोबत आहेत, डबेवाल्या काकूंचं वरण तुझ्यासारखं नाही पण पातळही नाही. वर्ग सकाळचे. बुधवारी उशीर झाला तर सीताबर्डीहून मेट्रोनं येतो, तिघी-चौघी मिळून. उन्हाळ्याआधी कूलरचा पंप बदलून घेईन. भंडाऱ्याच्या पाहुण्यांना तीन वर्षं थांबा असं सांगू नका, सरळ नाही म्हणा. त्यांना उगाच ताटकळत ठेवणं बरं नाही.

आता ऐका. बाबा, चिखलात अनवाणी उतरायचं नाही. शुगरमध्ये पायाला कापलेलं कळत नाही. आई, रोज रात्री दिवा धरून यांचे तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच. पासबुकातले पैसे डोळ्यासाठी आहेत, मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची नसते, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि आई, वर्षावासाच्या वाचनाला विहारात मांडी घालून बसू नकोस, खुर्ची माग. लाजू नको.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर याल तेव्हा यंदा मंडपात झोपायचं नाही. माझी खोली रिकामी असेल, दोघी गावी जाताहेत. आईला खाटेवर, बाबांना खिडकीपाशी, मी खाली. सकाळी लवकर जाऊ, गर्दी व्हायच्या आत. बाबा, रागावला असाल तरी या. तिथं रागावा.

तांदूळ पाठवू नका, अर्धं पोतं शिल्लक आहे. अंबाडी निघाली असेल तर तेवढी एसटीनं पाठवा, निवडून नको, मी निवडीन.

तुमची
बाई