शिकाऊ अभियंत्याला साइटवर उभे करा

महोदय,

स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा हातात पडला की मुले ‘साइट इंजिनिअर’च्या जाहिराती धुंडाळतात आणि अनुभवाच्या अटीपाशी अडतात. शिकाऊ उमेदवारीचा रस्ता कित्येकांना ठाऊकच नसतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात पदवी आणि पदविकाधारक अभियंत्यांना १९७३ साली जागा मिळाली. वर्षभर काम, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र.

मी स्वतः असा एका पुलाच्या कामावर होतो. पहिल्याच आठवड्यात स्लम्प कोन, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते तपासायचा शंकूसारखा साचा, भरायला दिला. प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके, हे तोंडपाठ होते. पण कोन उचलला आणि काँक्रीट जागेवर न बसता पसरले. मुकादमकाका नुसते बघून म्हणाले, ‘साहेब, गाडीत पाणी मारलंय.’ काँक्रीटची ती गाडी परत पाठवली. असली नजर वर्गात येत नाही, ती अशा माणसांच्या शेजारी उभे राहूनच येते.

दुःख याचे की, माझ्या एका मित्राचे तेच वर्ष एका कार्यालयात झेरॉक्स काढण्यात आणि फायली लावण्यात गेले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. तो पैसा शिकवण्यासाठी आहे. म्हणून मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाला कळकळीची विनंती: उमेदवाराने लेव्हल (उंचीतला फरक मोजायचे यंत्र) लावली का, बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) तपासले का, २८ दिवसांचा क्यूब (काँक्रीटचा ठोकळा) मजबुतीच्या चाचणीत फुटताना पाहिला का, हे दर तिमाहीला त्यालाच विचारा, तेही मालकासमोर नव्हे.

– एक स्थापत्य अभियंता, सांगली