दिव्यांचा दोष शोधून देणाऱ्या काकाजींस

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या इलेक्ट्रिक गाडीचे बंद पडलेले दिवे आपण सुरू करून दिले, त्याबद्दल मी आपल्या दुकानात आभार मानलेच होते. तरीही आपण तो दोष ज्या रीतीने शोधलात, ती रीत आपल्या भागात अशी गाडी वापरणाऱ्या इतरांनाही कळावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो. त्यानंतर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर केव्हा आडवे येईल याचा नेम नसतो, आणि कापसाने भरलेल्या बैलबंड्यांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो. नेमक्या अशा दिवसांत गाडीचा डिप्पर म्हणजे जवळचा खालचा झोत, पुढचे पार्किंग लाइट आणि मागचे लाल दिवे एकदमच लागेनासे झाले. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वाहनाचे दिवे लागलेले असावेत, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. पण नियम नसता तरी त्या रस्त्याने बिनदिव्याची गाडी न्यायची माझी छाती नव्हती.

गावात बहुतेकांचे मत पडले की चार्जिंग उतरले असेल. शहरातल्या सर्व्हिस सेंटरने दिव्यांचे नियंत्रण करणारे मॉड्यूलच बदलण्याचा सल्ला दिला, तोही बॉनेट न उघडता. आपण मात्र दोन्ही मते शांतपणे ऐकून घेतलीत आणि म्हणालात, "काय लागते ते आधी सांगा, काय नाही लागत ते मंग पाहू." मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला, इंडिकेटर द्यायला लावले, पासिंग म्हणजे लांबच्या झोताची उघडझाप मारायला लावली. हे सगळे लागत होते आणि हॉर्नही वाजत होता. त्यावरून आपण सांगितलेत की पुढचे आणि मागचे दिवे एकाच वेळी गेले, म्हणजे बल्ब उडालेले नाहीत. या दिव्यांचा पुरवठा जिथे एक होतो, तिथेच दोष शोधायचा.

चार्जिंगच्या शंकेचेही आपण तिथेच निरसन केलेत. गाडी पळवणारी मोठी बॅटरी काही शे व्होल्टची असते, तिच्यावर दिवे थेट चालत नाहीत. दिवे, हॉर्न, काचा हे सारे बारा व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालते, आणि डायनॅमो नसल्यामुळे ही लहान बॅटरी मोठ्या बॅटरीतूनच, व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमार्फत भरली जाते. त्यामुळे मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही लहान बॅटरी बसली, तर गाडी जागची हलत नाही. आपण मीटर लावलात तेव्हा गाडी बंद असताना १२.६ आणि चालू केल्यावर १४ च्या आसपास आकडा दिसला, म्हणजे बॅटरी आणि कन्व्हर्टर दोन्ही ठीक होते.

त्यानंतरचे आपले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. फ्यूज शाबूत होता. मॉड्यूलकडे जाणाऱ्या तारेचा कपलर (जोडणीचा प्लग) काढून मीटर लावला, तर तिथेही बारा व्होल्ट दाखवत होते. इथे दुसरा कोणीही मॉड्यूलच गेले असे म्हणून मोकळा झाला असता. आपण मीटर बाजूला ठेवून जुना टेस्ट लॅम्प, म्हणजे तारा जोडलेला तपासणीचा बल्ब काढलात, त्याची चिमटी अर्थिंगला लावलीत, आणि त्याच तारेवर तो बल्ब लागला नाही. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून तारेतला एखादा धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो; बल्बला मात्र करंट लागतो, तो एवढ्याशा धाग्यातून मिळत नाही. ठिबकची नळी चोंदली तरी तोंड बंद असेपर्यंत दाब भरलेलाच दिसावा, तसे ते असते, असे आपण समजावलेत. मी शिक्षक असूनही इतक्या थोड्या शब्दांत हा धडा मला सांगता आला नसता.

तार हाताने चाचपत आपण फ्यूजबॉक्सच्या खालच्या वळणापर्यंत गेलात. तिथे उंदराने वेष्टन कुरतडले होते, आतले बहुतेक धागे तुटले होते आणि उरलेल्यांवर हिरवट थर चढला होता. गाडीच्या शेजारीच सरकीच्या ढेपेची पोती आहेत, त्यामुळे उंदराला लांबून यावे लागले नसणार. खराब तुकडा काढून आपण तेवढ्याच जाडीची तार डाख देऊन जोडलीत आणि वर तापवून आवळणारी नळी चढवलीत. हे करताना जाड नारिंगी केबलला आपला हात एकदाही लागला नाही. ती मोठ्या बॅटरीची, जिवावर बेतणारी लाइन असून तिचे प्रशिक्षण नसलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये, हे आपण दुकानातल्या पोरालाही बजावलेत. दहा अँपिअरचा लाल फ्यूज उडाला म्हणून वीसचा पिवळा घालणाऱ्यांबद्दल आपण जे बोललात, ते मात्र इथे लिहिता येण्यासारखे नाही.

मॉड्यूलच्या किमतीपुढे आपली मजुरी इतकी किरकोळ होती की अधिक द्यायला गेलो, तर आपण ते पैसे परत माझ्याच खिशात घातलेत. ढेपेची पोती आता दुसऱ्या खोलीत हलवली आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे तो जोड पावसाळ्याआधी एकदा तपासून घेण्यासाठी गाडी घेऊन येतो. तेव्हा टेस्ट लॅम्प कसा लावायचा, हे माझ्या शाळेतल्या मोठ्या मुलांना दाखवायला आपण एखादा तास यावे, अशी विनंतीही करणार आहे.

आपला कृतज्ञ,
केळापूर तालुक्यातील एक शिक्षक