पाचाची ओळ कोणासाठी लावतेस?

कोल्हापूर

चि. गौरी हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की क्वर्कल या रंगीत ठोकळ्यांच्या खेळाच्या डावात अर्ध्यापर्यंत तू सर्वांच्या पुढे असतेस आणि शेवटी मात्र चौघींत तिसरी, नाहीतर चौथी येतेस. मी तिथल्या तिथे कारण सांगू लागलो, तेव्हा तुझी आई म्हणाली की हे बोलून तिच्या डोक्यात शिरणार नाही, नीट लिहून पाठवा. म्हणून हे पत्र. तुमच्या खोलीवर आलेल्या नव्या मुलीला खेळ मुळीच येत नाही असेही तू सांगितलेस. तिलाही हेच पत्र वाचायला देता यावे, यासाठी आधी नियम थोडक्यात लिहितो आणि मग तुझ्या दुखण्याकडे वळतो.

पिशवीत १०८ लाकडी ठोकळे असतात. प्रत्येक काळ्या ठोकळ्यावर एकच आकृती असते आणि ती सहा रंगांपैकी एका रंगात रंगवलेली असते: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. आकारही सहाच आहेत. आपल्या घरी त्यांना गोल, चौकोन, शंकरपाळी, किलवर, फुली आणि चांदणी म्हणतात, आणि तुम्ही काहीही म्हणा, फक्त चौघींनी एकच नाव धरा. सहा रंग आणि सहा आकार यांच्या ३६ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या तीन प्रती असतात. ही तीनची संख्या पाठ करून ठेव, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

प्रत्येकीने न बघता सहा ठोकळे घ्यायचे आणि ते दुसऱ्यांना दिसणार नाहीत असे आपल्यासमोर उभे करायचे. जिच्याकडे एका रंगाचे किंवा एका आकाराचे सर्वांत जास्त ठोकळे असतील (अगदी एकसारखे दोन असतील तर त्यांतला एकच धरायचा) तिने ते मांडून डाव सुरू करायचा. बरोबरी झाली तर वयाने मोठी असेल तिचा मान. म्हणूनच आपल्या घरी आजी आधी बरोबरी झाली आहे का ते विचारते आणि मग स्वतःचे ठोकळे बघते. त्यानंतर प्रत्येकीने आपल्या पाळीला मांडलेल्या ठोकळ्यांना लागून एक किंवा अधिक ठोकळे लावायचे. एका पाळीत लावलेले सगळे ठोकळे एकाच ओळीत आले पाहिजेत, मग एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला का असेना. ओळ दोनच प्रकारांनी बनते: एकतर रंग एक आणि आकार सगळे वेगळे, नाहीतर आकार एक आणि रंग सगळे वेगळे. रमी खेळणाऱ्या माणसाला हे लगेच उमजते, कारण एकच पान वेगवेगळ्या रंगांत जुळवण्याची त्याला सवय असते. एका ओळीत तोच ठोकळा दोनदा येऊ शकत नाही, त्यामुळे कोणतीही ओळ सहापेक्षा लांब होत नाही. खेळी झाली की पिशवीतून हात पुन्हा सहाचा करायचा.

गुण मोजणे सोपे आहे. तू जी ओळ बनवलीस किंवा वाढवलीस तिच्यात एकूण जितके ठोकळे असतील तितके गुण तुला मिळतात, आधीचे ठोकळे दुसऱ्या कोणी लावलेले असले तरीही. एक ठोकळा आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ओळींत बसला तर तो दोन्हीकडे मोजला जातो. सहाची ओळ पूर्ण करणाऱ्याला त्या ओळीचे सहा आणि वर सहा, असे १२ गुण मिळतात, आणि त्यालाच क्वर्कल म्हणतात. पिशवी रिकामी झाल्यावर जी आपला शेवटचा ठोकळा सर्वांत आधी लावेल तिला आणखी ६ गुण मिळतात आणि डाव संपतो.

नियम एवढेच आहेत. सुझन मॅकिन्ली रॉस या अमेरिकन बाईंनी हा खेळ रचला, तो २००६ मध्ये बाजारात आला आणि २०११ मध्ये त्याला जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार घरच्या सर्वांना एकत्र बसून खेळता येतील अशा खेळांसाठी असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात गुऱ्हाळे बंद असली, यार्डात गुळाची आवक नावापुरती उरली आणि पंचगंगेच्या पाण्याच्या बातम्या ऐकत सगळे घरातच असले की तो निर्णय योग्य होता असे मला वाटते.

आता तुझ्या हरण्याबद्दल. तू दिवाळीत आमच्याशी खेळत होतीस तेव्हा मी पाहिले आहे की तुला जास्तीत जास्त ठोकळे एका दमात लावण्याची हौस आहे. समज, पटावर लाल रंगाची तिघांची ओळ आहे आणि तुझ्या हाती आणखी दोन वेगळे लाल आहेत. तू दोन्ही लावतेस, पाच गुण लिहून घेतेस आणि समाधानाने पिशवीत हात घालतेस. एकच लावला असता तर चार मिळाले असते, म्हणजे तू एक गुण जास्त कमावलास. त्या एका गुणासाठी तू पाचाची ओळ उघडी टाकलीस, आणि आता जिच्याकडे सहावा लाल ठोकळा असेल ती एकच ठोकळा लावून १२ गुण नेईल.

ही जोखीम किती मोठी आहे ते मी कागदावर मांडून पाहिले. अडत दुकानात आयुष्यभर खतावणी लिहिलेल्या माणसाला तेवढे सुचतेच. डाव नुकताच सुरू झाला आहे, पटावर १२ ठोकळे आहेत आणि तुझ्याजवळ ६, असे धर. न दिसणारे ठोकळे उरले ९०. त्यांत हवा असलेला सहावा ठोकळा तीनदा आहे, आणि तुझ्या तिघी मैत्रिणींच्या हाती मिळून १८ ठोकळे आहेत, म्हणजे पिशवीत ७२. पहिली प्रत पिशवीत असण्याची शक्यता ९० पैकी ७२, ती तिथे असेल तर दुसरीची ८९ पैकी ७१, आणि तिसरीची ८८ पैकी ७०. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे ५१ टक्के येतात. म्हणजे उरलेल्या ४९ टक्के वेळा, जवळजवळ दर दोन डावांत एकदा, तो ठोकळा कोणाच्या तरी हाती आधीच तयार असतो. दोघांच्या डावात समोर सहाच ठोकळे असतात, त्यामुळे हीच शक्यता १९ टक्क्यांवर येते. तुझी आई आणि मी दोघेच खेळतो तेव्हा मी कधीकधी पाचाची ओळ लावतो, चौघांत सहसा लावत नाही, याचे कारण एवढेच आहे. तू इथे आम्हा दोघांचा खेळ पाहून शिकलीस आणि तिथे चौघींत तसाच खेळत आहेस.

पाचाची ओळ नेहमीच वाईट, असे मात्र समजू नकोस. ओळीत कमी असलेल्या ठोकळ्याच्या तिन्ही प्रती पटावर दुसरीकडे पडलेल्या दिसत असतील, तर ती ओळ पाचावरच कायमची थांबली. तिथे निर्धास्तपणे पाच गुण घे. त्यासाठी १०८ ठोकळे लक्षात ठेवावे लागत नाहीत. पटाकडे बघून फक्त त्या एका ठोकळ्याच्या प्रती मोजायच्या असतात, आणि ते काम दुसऱ्यांची पाळी चालू असताना करावे. आपल्या पाळीला मान खाली घालून पाच-पाच मिनिटे मोजत बसणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

चारच्या ओळीजवळ खरा संयम लागतो. हिरव्या रंगाची चारांची ओळ आहे, तिला चांदणी आणि चौकोन कमी आहेत, आणि तुझ्या हाती हिरव्या चांदण्या दोन आहेत. एरवी एकसारखे दोन ठोकळे हाती असणे म्हणजे अडचणच, कारण दोन्ही एका ओळीत जात नाहीत. पण इथे तीनपैकी दोन चांदण्या तुझ्याकडे असल्यामुळे बाहेर एकच उरली, आणि दुसऱ्या कोणाला ही ओळ एका खेळीत पुरी करायची तर ती एकुलती चांदणी आणि चौकोन दोन्ही तिच्याच हाती हवेत. तू चांदणी लावून पाच करू नकोस. दुसरीकडे खेळत राहा. कोणीतरी पाच गुणांच्या मोहाने हिरवा चौकोन लावेल, आणि मग तुझी चांदणी १२ गुणांची होईल. तुमच्यात अशी मोह पडणारी मुलगी आजवर तूच होतीस, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

पाचाची ओळ दुसऱ्या कोणी लावली आणि सहावा ठोकळा तुझ्याकडे नाही, तर ती बंद करता येते का ते पाहावे. हे थोडे किचकट आहे, म्हणून ठोकळे समोर मांडून वाच. लाल रंगाची पाचाची आडवी ओळ आहे आणि तिच्या उजव्या टोकाला लाल किलवर आहे. त्या लाल किलवरच्या वर हिरवी किलवर लावलेली आहे. आता तू हिरव्या किलवरच्या उजवीकडे निळी किलवर लावलीस, की ती नेमकी लाल ओळीच्या पुढच्या रिकाम्या घराच्या डोक्यावर येते. त्या घरात जो ठोकळा येईल तो आडव्या ओळीसाठी लाल हवा, आणि उभ्या ओळीत निळ्या किलवरशी जुळायचा तर निळा किंवा किलवर हवा. दोन्ही अटी फक्त लाल किलवर पुऱ्या करते, आणि ती तर ओळीत आधीच बसलेली आहे. ते घर मेले. तुला त्या खेळीचे दोनच गुण मिळाले, पण एक १२ गुणांची वाट बुजली. ओळीचे दुसरे टोक मोकळे असेल तर मात्र या कष्टाला अर्थ नाही, म्हणून आधी दोन्ही टोके बघावीत.

मग गुण मिळवायचे कुठून, असे तू विचारशील. समांतर ओळींतून. पटावर लाल चौकोन, लाल गोल आणि लाल किलवर अशी तिघांची ओळ आहे आणि तुझ्याकडे हेच तीन आकार निळ्या रंगात आहेत. ते त्या ओळीच्या बरोबर खाली, चौकोनाखाली चौकोन, गोलाखाली गोल आणि किलवरखाली किलवर असे लाव. निळ्या आडव्या ओळीचे तीन गुण, आणि दोन-दोनच्या तीन उभ्या ओळींचे सहा, मिळून नऊ गुण झाले. आणि तू मागे काय ठेवलेस? तीनपेक्षा लांब ओळ एकही नाही, म्हणजे पुढचीला क्वर्कल करायचे तर एका खेळीत तीन नेमके ठोकळे लागतील. तुझ्या आत्याला हे फार चांगले साधते. ती इचलकरंजीहून आली की गप्पा मारता मारता नऊ-दहा गुणांच्या खेळ्या करत राहते, एखादाच क्वर्कल करते आणि तरीही जिंकते.

हात अगदीच बेकार असेल तर ठोकळे बदलून घेण्याची मुभा आहे, पण त्या पाळीला काहीही लावता येत नाही. नको असलेले ठोकळे बाजूला काढायचे, तितकेच नवे पिशवीतून घ्यायचे आणि मगच जुने पिशवीत टाकायचे. मुलांना हे कमीपणाचे वाटते. जिथे दोन-तीनच गुण मिळणार आहेत आणि तेही कोणाची तरी वाट मोकळी करून, तिथे बदलणेच शहाणपणाचे आहे, विशेषतः डावाच्या पूर्वार्धात. पिशवीत मूठभरच ठोकळे उरले असताना मात्र बदलण्यात काही मिळत नाही.

शेवटच्या ६ गुणांसाठी लोक उगाच जिवाचा आटापिटा करतात, असे माझे मत आहे. पिशवी संपत आली की क्वर्कलच्या आशेने धरून ठेवलेले ठोकळे सोडून द्यावेत, कुठेही बसतील असे हाती राखावेत, आणि शक्य असेल तर दोन-तीन एकदम लावता येतील अशी जागा मोकळी ठेवावी. एवढ्याने ते सहा गुण मिळाले तर मिळाले. त्यांच्यासाठी आठ-नऊ गुणांची खेळी सोडू नये.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुमच्या खोलीत पिवळा दिवा आहे असे तू म्हणाली होतीस. त्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, निळ्या-जांभळ्याचाही घोळ होतो, आणि चुकीची ओळ दहा खेळ्यांनंतर ध्यानात आली की भांडणच होते. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आपण खिडकीशी बसून दिवसाच खेळतो. तुम्हाला रात्रीशिवाय वेळ नसेल तर पांढरा दिवा आणा, आणि लावताना रंग मोठ्याने बोलण्याची पद्धत ठेवा. डाव सुरू करण्यापूर्वी ठोकळे मोजून १०८ भरतात ना तेही बघा, कारण एखादा कॉटखाली गेलेला असला तर वर लिहिलेला सगळा हिशेब चुकतो.

आईने चटणीचा डबा वेगळा पाठवला आहे. आजी बरी आहे. नव्या मुलीला पहिल्या दोन-तीन डावांत सल्ला देत खेळा, तिच्या हातचे ठोकळे उघडे ठेवून. पुढच्या फोनला गुणांचा कागद जवळ ठेव. कोणत्या खेळीला कोणी क्वर्कल केला आणि त्याआधीची खेळी कोणाची होती, एवढे मला वाचून दाखव.

तुझे
पप्पा