चादर अदृश्य नव्हे, वीण नेमकी हवी

मा. संपादक,

मेटामटेरियल, म्हणजे बारीक रचना ठरावीक अंतराने मांडून तरंगांना हवे तसे वळवणारा कृत्रिम पदार्थ, म्हटले की ‘अदृश्य करणारी चादर’ हमखास छापून येते. 2006 साली ड्यूक विद्यापीठात लपवला तो तांब्याचा छोटा दंडगोल, तोही फक्त मायक्रोवेव्हपासून आणि अर्धवटच. सोलापुरी चादरीसारखी इथेही खरी करामत विणीची. 10 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची तरंगलांबी 3 सेंटिमीटर, आणि वीण तिच्याहून बरीच बारीक लागते, म्हणून खाच असलेल्या तांब्याच्या कड्या साधारण 3 मिलिमीटर अंतराने हव्यात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत पीसीबी (तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्ड) नको ते तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये जास्त वेळ राहतो, 0.3 मिलिमीटरची खाच रुंदावते, धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) घटते आणि अनुनाद, म्हणजे कडीचा सर्वाधिक प्रतिसाद, वरच्या वारंवारतेकडे सरकतो. दोष मात्र सिम्युलेशनच्या माथी! एफआर-4 हा बोर्डाचा नेहमीचा पदार्थ स्वस्त खरा, पण त्याचा लॉस टँजंट (वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप) 0.02च्या आसपास, अनुनाद बोथटच मिळणार. मोजताना तरंगाचे चुंबकीय क्षेत्र कडीच्या प्रतलाला लंब ठेवावे, नाहीतर चुंबकीय प्रतिसाद मिळतच नाही.

– एक वाचक, सोलापूर